थोरल्या जाऊबाईंचा तरुण संघ

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेमला बसवायची, वाकड्या दांड्या सरळ करायची. आणि शनिवारी दुपारी चर्चचा तरुण संघ चालवायची. नऊ वर्षं. रांगेत खुर्च्या, वचनाचं वाचन, प्रार्थना, की घरी. पोरं सात-आठच यायची, पण चूं करायची नाहीत.

यंदा पाळकांनी ते काम तिच्या धाकट्या जावेला दिलं. महिन्याभरात पोरं झाली तीस. ढोल आला, फुगे आले, आंधळी कोशिंबीर आली. थोरलीच्या वेळी पोट दुखतं म्हणून घरी बसणारी तिचीच लेक आता दुपारपासून नटून तयार. वर जेवताना, "आई, काकू किती भारी आहे!" थोरलीने अर्धं ताट तसंच उचललं.

"देवाचं घर आहे की बाजार?" ती नवऱ्यावर खेकसली.

"तुला त्रास आवाजाचा होतोय की गर्दीचा?" त्याने विचारलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

एका शनिवारी आपल्याकडे राहिलेल्या किल्ल्या द्यायच्या निमित्ताने ती चर्चच्या सभागृहात गेली. खरं तर खोट काढायलाच. खेळ रंगात आला होता. तेवढ्यात धक्का लागून एका मुलीचा चष्मा खाली पडला. दांडी निखळली, स्क्रू उडाला.

"कुणी हलू नका!" थोरली सवयीने ओरडली. "तिळाएवढा असतो तो. पायाखाली गेला तर संपलं."

"ऐका ताईंचं! सगळे खाली!" धाकटी म्हणाली.

तीसच्या तीस पोरं गुडघ्यांवर आली. माना खाली, तळवे फरशीवर. कुणी मोबाइलचा उजेड धरला, कुणी डोकं आपटून हसलं. कुणीतरी स्तोत्राची चाल गुणगुणायला लागलं, बाकीच्यांनी ती बेसूर उचलली. थोरली मधोमध उभी होती. एका पोरीच्या चष्म्यासाठी एवढे गुडघे टेकलेले बघून तिच्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांच्या शांततेत तिला देव इतका जवळ कधी वाटला नव्हता. तीही हळूच खाली बसली.

"सापडला!" धाकटी ओरडली.

टाळ्या पडल्या. थोरलीचा जीव परत जळला. हिलाच सापडायचा होता? पण पर्समधला बारका पेचकस काढून तिने दांडी बसवली.

मुलीने चष्मा घातला. "दिसतंय!"

"आमेन," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"आमेन!" तीस घसे गरजले आणि वर ढोलही वाजला.

त्यानंतर थोरली दर शनिवारी जायला लागली. हेवा गेला असं नाही. धाकटीभोवती पोरींचा घोळका जमला की अजूनही तिचं तोंड एवढंसं होतं. मग ती सरळ उठते आणि फुगे फुगवायला घेते.