अस्तरचे कान

डॉक्टरबाईंच्या नजरेत शिंपी पहिल्यांदा भरला तो त्याच्या गळ्यातल्या टेपमुळे. दवाखान्याच्या बाकावर माणसं आपापली जनावरं कुरवाळत बसतात. हा मात्र मांडीवरच्या पांढऱ्या मांजरीचा कान दोन बोटांत धरून, उसवलेली शिवण तपासावी तसा बघत होता. शेजारी त्याची मोठी बहीण, पर्स पोटाशी धरून, फुगलेली.

संध्याकाळ होत आली होती. बाईंचे पाय भरून आले होते.

"नाव?"

"अस्तर."

"मांजरीचं विचारतेय."

"तिचंच. अस्तराच्या ताग्यामागे सापडली होती एवढीशी. कापड कुठलं आणि मांजर कुठलं, कळेना."

उजव्या कानाचं टोक कुरतडल्यासारखं झालं होतं, वर काळी खपली.

"टाचणी टोचलीय," शिंपी म्हणाला. "मशीनजवळ लोळते ना. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. आठ महिने झाले. टाचण्या वापरणंच सोडलं मी. सगळं कच्च्या टाक्यांवर करतो. वेळ दुप्पट जातो."

"आणि मी आठ महिने घसा कोरडा करतेय, की डॉक्टरला दाखव!" बहीण म्हणाली. "पण हा दीडशहाणा. गिऱ्हाइकाची बाही एक सूत आखूड झाली तर रात्रभर तळमळेल, आणि हे दिसत नाही."

बाईंनी कानाचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला. आठवड्याने रिपोर्ट आला. कातडीचा कॅन्सर.

हे सांगण्याची बाईंना सवय होती, आणि सवयीचाच आता शीण यायचा. "पांढऱ्या मांजरींच्या कानांवर केस विरळ असतात, कातडीत रंग नसतो. वर्षानुवर्षं ऊन लागलं की असं होतं. झोपते कुठे ही?"

उत्तर बहिणीने दिलं, पण या वेळी आवाजाला धार नव्हती.

"खिडकीत. उघड्या खिडकीत. यानेच गादी शिवून दिलीय तिला, उरलेल्या मखमलीची. सहा वर्षं झाली."

"म्हणजे टाचणी नव्हती," शिंपी म्हणाला.

"नव्हती."

त्याने टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"वाचेल का?"

"गळ्याखालच्या गाठी सुजलेल्या नाहीत. छातीचा एक्स-रेही स्वच्छ आहे. कान काढले तर वाचायला हरकत नाही. डावाही लाल दिसतोय, दोन्ही काढू."

"कडेने किती जास्त कापणार?"

"निदान एक सेंटिमीटर. चांगल्या भागातून."

"आम्ही उलटं करतो," तो म्हणाला. "माणसाचं पोट सुटणार, हे धरून आत कापड राखतो."

"इथे राखायचं नसतं."

त्याने मान हलवली आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टाके काढायला आला तेव्हा चष्मा पुसून त्याने दोन्ही बाजू निरखल्या. "हात बरा आहे तुमचा." त्या महिन्यात बाईंना कोणी एवढंही म्हटलं नव्हतं. काढलेल्या कानांचा रिपोर्टही आला होता: कडा स्वच्छ.

"आता दिसतेय कशी, उशीसारखी," बहीण म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "उन्हाचं क्रीम लावू का हिला? माझ्याकडे आहे."

"माणसांचं नको. चाटून पोटात जाईल, विष होईल. ऊनच टाळा. दहा ते चार खिडकी बंद. नाकावर, पापण्यांवर काही दिसलं तर आठ महिने थांबू नका."

"थांबतोय कशाला," शिंपी म्हणाला.

याला दीड वर्ष झालं. बाईंचे दवाखान्यातले कोट आता तोच दुरुस्त करतो. टाचण्या पुन्हा वापरात आल्या आहेत. अस्तर मशीनखाली झोपते; बिनकानांची ती मांजर बघून नवी गिऱ्हाइकं दचकतात. दुकानाला खिडकी एकच. ती दहा ते चार बंद असते, आणि शिंपी दिवसाढवळ्या दिव्याखाली शिवतो. सुईत दोरा ओवायला आता त्याला बहीण लागते.