हाराचा फोटो

माझ्यात आणि माझ्या सासूत विस्तव जात नव्हता, हे पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं. तोंडावर मी तिला ‘अहो आई’ म्हणायची, मनात काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. त्यामुळे एका दुपारी तिने मला समोर बसवून, “माझा हाराचा फोटो तू काढ,” असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, आता हे काय नवीन खूळ काढलंय!

हाराचा फोटो म्हणजे मेल्यावर भिंतीवर लावायचा तो. डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल काहीतरी सांगितलं होतं आणि ती लगेच पुढच्या तयारीला लागली होती.

“माझ्या मुलांच्या भरवशावर राहिले तर इलेक्शन कार्डावरचा फोटो मोठा करून लावतील,” ती म्हणाली. “समोरच्या विंगमधल्या म्हातारीचा लावलाय बघ. गालावर अर्धा शिक्का तसाच. तू रोज लोकांच्या घरी जाऊन कॅमेरा मिरवतेस ना? मग घरच्यांना काय उपयोग त्याचा?”

मी तेव्हा बारशांचे, वाढदिवसांचे फोटो काढायची. रोलचा कॅमेरा आणि मान वळणारा फ्लॅश. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की माणूस चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. कपाळ चकाकतं, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. फ्लॅशची मान छताकडे केली की उजेड तिथे आपटून पसरतो आणि मऊ होऊन खाली येतो. आमच्या मीरा रोडला लोकांच्या बुटक्या हॉलांमध्ये तर हे फार छान जमायचं. यावरूनही तिने मला आयुष्यभर टोचलं. “माणसं समोर उभी, आणि ही बया छताचे फोटो काढतेय!” हे ती पाहुण्यांना सांगायची.

तरी मी हो म्हटलं. उपकार म्हणून नाही हं! तो फोटो लागणार होता माझ्याच हॉलमध्ये, सोफ्याच्या समोर. म्हणजे उरलेला जन्म मी हिच्या नजरेखाली बसून चहा पिणार. निदान भिंतीवर तरी बाई जरा प्रेमळ दिसू दे, एवढाच माझा स्वार्थ होता.

पहिला रोल धुऊन आला आणि सासू त्यात हिरवी दिसत होती. चक्क हिरवी, कावीळ उतरणीला लागल्यासारखी. मी तावातावाने लॅबवाल्याकडे गेले. तो गुजराती माणूस शांतपणे म्हणाला, “भाभी, मशीन बराबर है. घर जाके ऊपर देखो.” घरी येऊन वर बघितलं. छत हिरवं. आधीच्या लालबागच्या खोलीत होतं म्हणून हिनेच हट्टाने इथेही करून घेतलेलं, डोळ्यांना गार वाटतं म्हणून! मी पांढरं म्हणत होते, तर तीन दिवस जेवली नव्हती. उजेड त्या हिरव्यावर आपटून येणार, तर हिरवाच येणार ना? बारशी सगळी दुसऱ्यांच्या घरची, पांढऱ्या छताखालची, त्यामुळे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम तिला ते फोटो दाखवले.

“बघा, तुमच्या छताचा प्रताप.”

ती हरणाऱ्यातली नव्हती. “मग छत सोड. दुसरं काहीतरी पांढरं शोध. एवढी शहाणी ना तू?”

घरात पांढरं काही सापडेना. चादरी सगळ्या तिच्या आवडीच्या, फुलाफुलांच्या. शेवटी तीच उठली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि सासऱ्यांचं धोतर काढलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. धोतर मात्र डांबराच्या गोळ्यांत पांढरंशुभ्र.

“जन्मात या माणसाने काही उजेड पाडला नाही,” ती म्हणाली. “आता पाडू दे.”

कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी ते तिच्या बाजूला, जमिनीपर्यंत सोडून टांगलं. फ्लॅशची मान धोतराकडे वळवली. बाजूने उजेड आला की सुरकुत्या दिसतात, पण ओरबाडल्यासारख्या दिसत नाहीत. डोळ्यांखाली खड्डे पडत नाहीत. ती मोतिया रंगाची साडी नेसून खुर्चीत बसली होती. एक काढला. दुसरा काढताना ती धोतराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा काही सैल पडला की मी बटण दाबायचंच विसरत होते. दाबलं मात्र.

इथेच थांबलो असतो तर भांडण झालं नसतं. पण जित्याची खोड!

“तुझ्या आईचा काढला होतास ना, असाच लाडाने?” ती म्हणाली. “तरी रडवीच दिसते त्यात. तुमच्या घरात हसायची पद्धतच नाही.”

माझी आई त्याच वर्षी गेली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी फ्लॅशची मान सरळ केली, दोन पावलं पुढे गेले आणि मारला तिच्या थोबाडावर. दुसरा शब्द नाही त्याला. मला तिला थोबाडीतच मारायची होती. ती दचकली नाही, डोळेही मिटले नाहीत. तशीच बघत राहिली माझ्याकडे, जळजळीत.

आठवड्याने प्रिंट आले. तो शेवटचा मी पाकिटातच ठेवणार होते, पण तिने सगळे काढून टेबलावर मांडले. धोतराच्या उजेडातला एक आणि थोबाडीत मारलेला एक, एवढेच दोन हातात धरून ती खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. पहिल्यात खरंच एक गोड म्हातारी होती. दुसऱ्यात कपाळ चकाकत होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या, मागे भिंतीवर काळी सावली.

“हा लावायचा,” ती म्हणाली. दुसरा.

“अहो आई, काहीतरीच काय! वाईट आलाय तो. माझी चूक आहे ती.”

“चूक कसली? मारलास तू मला. कळत नाही का मला?” ती फोटोवरून नजर न काढता म्हणाली. “यात माझा राग आलाय, आणि तुझापण आलाय. इतकी वर्षं या घरात आपण दोघीच तर होतो. पोरगे काय, जेवायला यायचे.”

मग दुसऱ्या हातातला तिने माझ्यापुढे केला. “हा तू ठेव. कुणाला दाखवू नकोस. अशी मऊ दिसले तर उद्या कुणीही डोक्यावर बसेल.”

मेल्यावर कोण डोक्यावर बसणार, हे मी विचारलं नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, कागदाच्या खाली तो सरकवला. पुढच्या महिन्यातही आम्ही भांडलो, बहुतेक कोथिंबिरीवरून.

ती पावसाळा संपता संपता गेली. तेराव्याला घर भरलं होतं. नवऱ्याला फोटो आवडला नव्हता, पण आईची इच्छा म्हटल्यावर तो गप्प बसला. इतरांना मी काही सांगितलं नाही. बायका फोटोकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. शेवटी नणंद स्वयंपाकघरात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “एवढी फोटोग्राफर म्हणवून घेतेस, आणि माझ्या आईचा हा फोटो? मुद्दाम लावलायस तू.”

माझी पाठ त्याच ड्रॉवरला टेकलेली होती. हात मागे नेला असता तरी काम झालं असतं. नणंद रडली असती, बायकांनी माझं कौतुक केलं असतं. म्हातारीने मला बरोबर अडकवलं होतं, आणि मला तिचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

“हो, मुद्दामच लावलाय,” मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन तिच्या फोटोवरचा वाकडा झालेला हार सरळ केला.