पेशंटसोबतचे रंगनाथराव

आमच्या सेलूत दवाखान्यात एकटा जाणारा माणूस अनाथ समजला जातो. पेशंटबरोबर किमान तिघं हवीत, आणि त्यांत एक बोलणारा हवा. पेशंटनं फक्त जीभ दाखवायची, दुखणं सांगायचं ते सोबतच्यानं. पंचायत समितीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी रंगनाथराव वालूरकर या कामात तालुक्यात एक नंबर. कुणाला परभणीला न्यायचं झालं की आधी रंगनाथराव ठरायचे, मग डॉक्टर. गल्लीतल्या सरजाबाईंचा गुडघा त्यांनी एकदा इतका रंगवून सांगितला, की डॉक्टरांनी रंगनाथरावांनाच पँट वर करायला लावली.

त्यांची एकुलती मुलगी उत्तरा जर्मनीत, स्टुटगार्टला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिथले रस्ते, नळाचं पाणी आणि मिनिटावर येणारी बस ऐकवून ऐकवून रंगनाथरावांनी तीन वर्षं आम्हाला जेरीस आणलं. गेल्या वर्षी मात्र बसचा विषय एकाएकी बंद झाला. उत्तराला झोप लागेना. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन ती रडायची. तिथं मनाच्या डॉक्टरची वेळ मागितली, तर पाच महिन्यांनी या म्हणाले. पाच महिन्यांनी नंबर लागला तो फक्त जर्मन बोलणाऱ्या बाईंकडं.

"पाव मागण्यापुरती जर्मन येते आई मला," ती अनसूयाबाईंना फोनवर म्हणाली. "ह्याच्यापुरती न्हाई येत."

रंगनाथरावांनी गल्लीत जाहीर केलं, "व्हिटॅमिन डी कमी झालंय. तिकडं ऊन नसतंय ना." मनाचा आजार म्हटलं की स्थळं पळतात, व्हिटॅमिनला कोणी घाबरत नाही. मला त्यांचा संताप आला होता. पण मीही मान डोलावून "गच्चीवर बसायला सांगा" म्हणालो होतो, तेही इथं कबूल करतो.

शेवटी उत्तरानंच इंटरनेटवर पुण्याच्या एक मराठी समुपदेशक शोधल्या, डॉ. मधुवंती. नोंदणीचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार होता, म्हणून तिनं बापाचा नंबर दिला. तिथंच घात झाला. भेटीची लिंक रंगनाथरावांच्या मोबाईलवर आली. त्यांनी ती इमानदारीत पोरीला पाठवली, आणि स्वतःही तयारीला लागले. पोरगी डॉक्टरकडं जाणार आणि सोबत कोणीच नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

बुधवारी दुपारी साडेचारची वेळ होती. त्याआधीच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. उत्तराच्या लहानपणापासूनच्या रिपोर्टांची फाईल मांडीवर घेतली. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. एका बाजूला अनसूयाबाई, मागं सरजाबाई, कारण गुडघ्याचे उपकार होते, आणि सरजाबाईंच्या मागं मी. माझ्या हातात पोह्यांची बशीही होती.

पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या. शेजारच्या चौकोनात उत्तरा आली, ऑफिसातल्या कुठल्या तरी छोट्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला.

"उत्तरा, कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नमस्कार मॅडम, मी सांगतो," रंगनाथराव सुरू झाले. "पेशंटचं वय एकतीस. नऊ महिन्यांपासून झोपेची तक्रार. भूक मंद. चौथीत असताना कावीळ झाली होती, त्याचे कागद हायेत माझ्याकडं. कोठा साफ होतो का गं, उत्तरा?"

सहा-सात हजार किलोमीटरवरून उत्तरानं डोळे मिटून घेतले.

"काका, तिला बोलू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

"तिला न्हाई जमायचं मॅडम. लहानपणापासून बुजरी हाय ती."

"लगीन करून टाका, समदं बसंल जागेवर," सरजाबाईंनी मागून निकाल दिला. मीही पोह्यांचा घास गिळून पहाटे फिरायला जाण्याचे फायदे सांगितले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

डॉक्टरांनी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा रंगनाथराव "हो हो, बोलू द्या की, कोण अडवतंय" म्हणाले, आणि पुढं बोलत राहिले. अकरावीतल्या टायफॉईडला हात घातला तेव्हा उत्तरा म्हणाली, "बाबा."

आवाज चढलेला नव्हता. तरी ते थांबले.

"पन्नास मिनिटं मिळाली होती मला. बावीस तुमी घेतली. पुढची तारीख महिन्यानं हाय. मी का झोपत न्हाई, ठाऊक हाय तुमाला?"

रंगनाथरावांनी फाईलकडं पाहिलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"व्हिटॅमिन," ते म्हणाले.

उत्तरा हसली नाही. "जे सांगायचंय त्यात तुमी पण हायत, बाबा. तुमच्यासमोर कसं सांगू?"

चाळीस वर्षं ज्या माणसाचं तोंड मिटलेलं मी पाहिलं नव्हतं, तो मोबाईलवर बोट फिरवून बाहेर पडायचं बटण शोधू लागला. ते सापडेना. शेवटी अनसूयाबाईंनी लाल खूण दाबली. दाबताना त्या रडत होत्या, पण बोट अगदी नेमकं पडलं. मला वाटतं, हे बटण दाबायची त्यांना बऱ्याच वर्षांपासून इच्छा असावी.

रंगनाथराव बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. राहिलेली अठ्ठावीस मिनिटं त्यांनी घड्याळात पाहत काढली. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी "काय म्हन्ले डॉक्टर?" म्हणून विचारलं. अशा वेळी त्यांच्याकडं अर्ध्या तासाचं उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता हात हलवला.

पाच वीस झाले आणि फोन वाजला.

"झालं बाबा," उत्तरा म्हणाली. एवढं मला ऐकू आलं.

माझ्याबद्दल काय सांगितलंस, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते गिळून ते म्हणाले, "बरं. पुढच्या टायमाला ओटीपी आला की नुसता नंबर पाठवतो."

अनसूयाबाई दारात आल्या. "काय म्हणाली हो?"

"ठाऊक न्हाई," रंगनाथराव म्हणाले. "मी विचारलं न्हाई."