नित्याचं उरंज

नितीन गेला आणि एका देशाचा एकुलता एक नागरिक कमी झाला.

देशाचं नाव ओहमाळ. नकाशात शोधू नका. तो लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कॉटखालच्या साड्यांच्या खोक्यात आहे.

नितीन माझा शाळेपासूनचा मित्र. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर. तेरा दिवसांपूर्वी दुपारी गिऱ्हाइकाला सहावी साडी उलगडून दाखवताना खाली बसला. अटॅक.

गिऱ्हाईक पहिलीच साडी घेणार होतं, असं नंतर कळलं. नितीनला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, "नेहमीचंच आहे."

फावल्या वेळात नित्या शब्द बनवायचा. ओहमाळमधली जनावरं, सण, रंग, रीतीभाती.

नवी साडी उलगडली की घडीतला पुठ्ठा घरी आणायचा. एका पुठ्ठ्यावर एक शब्द, खाली अर्थ. पेन्सिलीने.

पेन नंतर. त्याचा नियमच होता. अर्थ कोणाला सांगायचा नाही. आपण नुसतं वापरत राहायचं. तीन वेगवेगळ्या माणसांनी तो शब्द आपणहून, बरोबर जागी वापरला की पुठ्ठ्यामागे त्यांची नावं लिहायची आणि शब्द शाईने गिरवायचा.

"मी वापरतो ना, घे माझं एक मत," मी म्हणायचो.

"तुझं मत बाद. तू पुठ्ठे वाचलेत."

वेंझी हा रंग. दिवे लागायच्या जरा आधी पाण्यावर दिसतो तो. हा वर्षानुवर्षं काउंटरवर "ताई, ही वेंझी बघा" करत राहिला. एक दिवस वरळीच्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मागच्या वेळेसारखी वेंझी आहे का? पण काठ जरा बारीक."

ते तिसरं मत. शेठसमोर काउंटर सोडून हा गोडाऊनमध्ये पेन शोधायला गेला.

गुंभा हे जनावर. दारात आडवं बसतं. चावत नाही, पण सरकतही नाही. नावाने हाक मारल्याशिवाय वाट देत नाही. हा शब्द दोन दिवसांत शाईत गेला, कारण आमच्या जिन्याच्या तोंडाशी तावडे काका खुर्ची टाकून बसतात.

मी तेव्हा एका पेपरात सदर लिहायचो. आठवडाभर विषय सुचला नाही म्हणून नित्यावर लिहिलं. 'लालबागचा शब्दांचा कारखाना' वगैरे. लोक हसले. नित्याही हसला.

मग त्याने टुरखा बनवला. टुरखा म्हणजे दुसऱ्यांच्या घरट्यांवर बसून खोडी काढणारा पक्षी. स्वतःचं घरटं बांधत नाही. चाळीतली माणसं मला अजून त्याच नावाने ओळखतात. सगळ्यात लवकर शाईत गेलेला शब्द.

एक शब्द मात्र नऊ वर्षं अडकून होता. उरंज.

ओहमाळमध्ये असं धरतात की माणूस मेला की त्याचं एखादं काम अर्धं राहिलेलं असतंच. ते शेजाऱ्याने शोधायचं आणि घरच्यांना न विचारता पुरं करून टाकायचं. ते काम म्हणजे उरंज.

आता हा शब्द बोलण्यात आणायचा कसा? नित्या सरळ ते कामच करायला लागला.

कदम मामा गेले तेव्हा दादरला जाऊन त्यांचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा घेऊन आला. "कुठे चाललास रे?" "मामांचं उरंज करून येतो." वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या, तर त्यांची अर्धी विणलेली बाजेची पट्टी रात्रीच्या जेवणाआधी पुरी केली. तीही वाकडी.

कोणी अर्थ विचारला नाही. चाळीत कुठे चाललास एवढंच विचारतात.

नऊ वर्षांत दोन नावं. कदम मामी, आणि नित्याची बायको शुभा वहिनी. बायकोचं मत धरायचं की नाही यावर त्याने महिनाभर विचार केला होता.

गेल्या महिन्यात चहा पिताना म्हणाला, "एक माणूस हवा रे. नाहीतर तो शब्द माझाच राहील, देशाचा नाही होणार."

"मग काय करायचं?"

"माझ्यामागे पेन्सिलीतले सगळे रद्दीत दे. उगाच जपून ठेवू नकोस. तू टुरखा आहेस, तुला जमेल."

मी हो म्हटलं. अशी वाक्यं आपण चहाबरोबर गिळतो.

आज तेरावा. जेवणं झाल्यावर वहिनीने खोकं माझ्यासमोर ठेवलं. मी शाईतले एकीकडे, पेन्सिलीतले एकीकडे करत गेलो. चाळीसेक निघाले रद्दीचे. उरंज हातात घेऊन मी जरा जास्त वेळ बसलो, एवढंच.

तेवढ्यात दारात तावडे काका. गुडघे धरून, धापा टाकत. काखेत मिक्सर.

"घे गो शुभा. परळाक दुरुस्तीक टाकलेलो ना त्येना? पावती त्येच्या शर्टात गावली, तूच लाँड्रीत टाकूक दिलेलंस. नितीनचा उरंज रवलेला, ता झाला."

खोलीत पंधरा माणसं होती. कोणीच मान वर केली नाही. एक मावशी म्हणाल्या, "चालू करून बघा आधी."

वहिनीने बघितलं. मिक्सर चालला.

मग ती उठली, नित्याचं पेन आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी पुठ्ठा उलटा करून तिसरं नाव लिहिलं. तावडे काका. पुन्हा सुलटा केला आणि पेन्सिलीच्या रेघेवरून शाई फिरवली. माझं अक्षर वाईट आहे. 'ज' ची शेपटी बाहेर गेली.

नित्या, मिक्सरचं उरंज गुंभाने केलं, पुठ्ठ्याचं टुरख्याने. बाकीचे पेन्सिलीतले सांगितल्याप्रमाणे रद्दीत गेले.

ये आता.