समोरच्या घरातली जपानी तलवार

ठाकुर्लीला आमच्या समोर राहणारे गृहस्थ सदा जपानी तलवारींबद्दल बोलतात. "तलवार घडवायची कला बापाकडून मुलाकडे, चौदा पिढ्या! काय?" म्हणून उत्तरासाठी थांबतात. त्यांचे वडील गावी लोहार होते, हे मात्र मला वहिनींकडून कळलं.

हॉलमध्ये त्यांनी ऑनलाइन मागवलेली तसली तलवार टांगलीय. दसऱ्याला तिला हार घालताना दोरा लांब झाला. त्यांनी ऐटीत तलवार उपसली आणि दोऱ्यावर बराच वेळ घासली. दोरा तुटेना. शेवटी वहिनींनी सिंकखालून सासऱ्यांनी घडवलेला कोयता आणला. एका झटक्यात काम झालं आणि कोयता परत सिंकखाली गेला.

तलवार मलमलीने पुसत ते म्हणाले, "आपल्याकडे बापाच्या कलेची कुणाला किंमतच नाही हो. काय?"

मी त्यांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं आणि म्हटलं, "अगदी खरंय."