पहिल्या पायरीचं गाणं

आमच्या रविवारच्या बैठकीत छापील यादीला काडीची किंमत नाही. एके काळी रेडिओवर दर आठवड्याला गाण्यांची यादी वाजायची, खालच्या पायरीपासून सुरू होऊन पहिल्या पायरीपर्यंत. त्या कार्यक्रमाची वेडी झालेली आम्ही चार-सहा म्हातारी माणसं आदिलाबादला एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या गच्चीवर जमतो आणि कोणतं गाणं कोणत्या वर्षी कुठवर चढलं यावर भांडतो. कोणी मोबाइलवर यादी उघडली की भैंशाहून येणारे कापूस-जिनिंगवाले काका ती बंद करायला लावतात. त्यांचं म्हणणं, या याद्या कोणीतरी मागाहून आठवून लिहिलेल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. आमच्याकडे चालते ती कानाची शहादत. शहादत म्हणजे साक्ष, निजामाच्या कचेरीतला शब्द, आमच्या भागात अजून तोंडात आहे. दावा करायचा तर आधी सांगायचं, कोणत्या गावात ऐकलं, कोणाच्या रेडिओवर ऐकलं, सोबत कोण होतं. तेवढं सांगितलं की दावा खरा धरतात.

बैठकीत बाई मी एकटीच. सुरुवातीला काकांना वाटलं होतं, ही मास्तरीणबाई चहा पिऊन दोन रविवारांत कंटाळेल. पण कोणतं गाणं किती आठवडे टिकलं, कोणतं वर चढून धाडकन खाली आलं, हे मी न अडखळता सांगू लागले तेव्हा ते गप्प झाले. मग माझ्या शब्दावर भांडणं मिटू लागली. हे मला किती आवडायचं ते लपवण्यात अर्थ नाही. जन्मभर मुख्याध्यापकांच्या मागे बसून हो-हो केलेल्या बाईला एका गच्चीवर तरी शेवटचा शब्द मिळत होता. लोक मला हट्टी म्हणतात. मी स्वतःला अचूक म्हणायची.

माझी शहादत ठरलेली होती. गाव तामसीजवळचं. रेडिओ शाळेतल्या तेलुगू गुरुजींचा. सोबत माझी थोरली बहीण, अक्का.

गुरुजी भाड्याच्या घरात राहायचे आणि त्यांची बायको आम्हां दोघींना ओसरीवर बसू द्यायची. आमचे बाबा आदिलाबादच्या कचेरीत चपराशी होते आणि रात्रीच्या शेवटच्या बसने परतायचे. बस नाल्याच्या वळणावर हॉर्न वाजवायची, तेव्हा कार्यक्रम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आलेला असायचा. बाबा घरात पाय ठेवतील तेव्हा हातपाय धुवायला गरम पाणी लागायचं आणि मुली अंधारात बाहेर दिसलेल्या त्यांना खपायच्या नाहीत. म्हणून हॉर्न वाजला की मी पळत घरी जाऊन चूल पेटवायची. अक्का शेवटपर्यंत थांबायची, शेताच्या बांधावरून मागच्या दाराने आत शिरायची आणि भाकरी थापता थापता, निवेदकाचा आवाज काढून, पहिल्या पायरीचं गाणं माझ्या कानात सांगायची. एक ओळ गुणगुणायचीसुद्धा. आठवडाभर मी त्या ओळीवर जगायची.

आता ज्यावरून सगळं बिनसलं ते सांगते. एका वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमात, म्हणजे वर्षभरातली सगळी गाणी क्रमाने लावायचे त्यात, पहिलं कोणतं आलं यावर वाद निघाला. पोस्टमास्तर म्हणाले, पैंजणांचं गाणं. मी म्हटलं, नावेचं गाणं. गाण्यांची नावं आम्ही अशीच घेतो, ऐकणाऱ्याला कळतं. ते वर्ष माझ्या लक्षात पक्कं होतं, कारण त्यानंतर महिन्याभरात अक्काचं लग्न झालं आणि ती बेल्लमपल्लीला, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या नवऱ्याकडे निघून गेली. लग्नाच्या गडबडीत रेडिओ सुटलाच, म्हणून आमच्या घरातलं ते शेवटचं पहिलं गाणं. पोस्टमास्तर हटेनात, मीही हटेना. काकांनी नेहमीप्रमाणे माझ्या बाजूने निकाल दिला.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांना कुठल्यातरी लांबच्या रेडिओवेड्याकडून त्या शेवटच्या कार्यक्रमाचं जुनं ध्वनिमुद्रण मिळालं. त्यांनी ते आमच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं आणि खाली लिहिलं, कोणी आधी ऐकू नये, रविवारी सगळ्यांनी मिळून ऐकू. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

ते मी दुसऱ्याच दिवशी ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी कानात बटणं घालून ओट्याला टेकून उभी होते. खरखर होती, आवाज लाटेसारखा जवळ येऊन लांब जात होता, आमच्या ओसरीवर यायचा अगदी तसा. खालच्या पायऱ्यांपासून वर येत एकेक गाणं माझ्या आठवणीशी जुळत गेलं आणि मी स्वतःवर खूश होत गेले. नावेचं गाणं आठव्या पायरीवर आलं. मला वाटलं, कोणीतरी कापाकापी केली आहे. मग पुढची गाणी आली, तिसरं, दुसरं, आणि पहिलं पैंजणांचं. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. आठवं गाणं आठवंच राहिलं.

भात करपला. मी गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत आले, बसले, उठले, पुन्हा स्वयंपाकघरात गेले. मग मला आठवलं की त्या रात्री हॉर्न फार लवकर वाजला होता, कार्यक्रम अजून खालच्याच पायऱ्यांवर होता, आणि मी पळाले होते. म्हणजे नावेचं गाणं रेडिओवर आठव्या पायरीवर वाजलं ते मी ऐकलंच नव्हतं. पहिल्या पायरीवरही ऐकलं नव्हतं. अक्काने सांगितलं होतं. आणि त्या एका रात्रीचं तरी काय घेऊन बसायचं? पहिल्या पायरीचं एकही गाणं, एकाही आठवड्याचं, मी माझ्या कानाने ऐकलेलं नव्हतं. इतके रविवार मी पहिल्या पायरीची जी शहादत देत होते ती सगळी अक्काच्या तोंडून आलेली होती.

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. ध्वनिमुद्रण चुकीचं असेल, असं स्वतःला समजावलं. मग अक्काचं ऐकण्यात चुकलं असेल, असं. रविवारी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, हे तर दिसत होतंच. पण त्याहून दुसरंच काहीतरी टोचत होतं. ते वर्ष खोटं निघालं तर अक्काबरोबरच्या त्या संध्याकाळींतलं माझ्याजवळ खरं काय उरतं? फोनवर हे विचारण्यासारखं नव्हतं. अक्काला फोनवर नीट ऐकू येत नाही, ती ‘बरं, बरं’ म्हणते आणि ठेवून देते.

सकाळीच मी बस पकडली. आमच्याकडे बायकांना बस फुकट झाल्यापासून बसायला जागा मिळत नाही. आसिफाबादपर्यंत उभी गेले. पुढे जागा मिळाली तरी मला बसवेना. कंडक्टर दोनदा म्हणाला, अम्मा, कूर्चोंडी, बसा. मी खिडकीच्या दांडीला धरून उभी राहिले आणि अक्काला काय काय विचारायचं ते मनात लावत राहिले.

बेल्लमपल्लीला खाणीच्या क्वार्टर्सच्या मागे अक्काच्या मुलाने घर बांधलं आहे. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली. अक्का अंगणात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून तिने आधी विचारलं, कोणाला काही झालं का. नाही म्हटल्यावर माझ्यापुढे मूठभर शेंगा ढकलल्या. आमच्या घरात पाहुण्यालाही हात रिकामे ठेवू देत नाहीत.

मी पाणीसुद्धा न पिता मोबाइल तिच्या चांगल्या कानाजवळ धरला आणि शेवटचा भाग लावला. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. निवेदकाचा आवाज आला तेव्हा मात्र हसली. पैंजणांचं गाणं सुरू झालं, तिने थोडं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. हे गाणं तिला तेव्हाही आवडायचं नाही, म्हणाली.

मी चिडले. इतक्या लांबून उभी आलेली मी आणि ही आवडीनिवडीचं बोलत होती. मी म्हटलं, “अक्का, हे पयलं होतं. मंग तू मले नावेचं काऊन सांगितलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून सातवीतच आहे.

“मले काय मालूम पयलं कोनतं होतं,” ती म्हणाली. “तू पळाली की गुरुजी जेवाले बसत. तेलुगू बातम्या लावत. मी एकबी दिवस पयलं गानं आयकलं नाई.”

एकही दिवस नाही, असं मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, नाही. आठवड्यामागून आठवडे तिने मला स्वतःच्या मनातलं गाणं सांगितलं होतं. कधी कधी ते खरंच जुळत असेल, तिला काय माहीत. मी चूल फुंकत तिची वाट पाहत असायची, माझा चेहरा पाहून तिला ‘ऐकलं नाही’ असं सांगवायचं नाही, एवढंच. तिला वाटत होतं, मोठी झाल्यावर मला हे कळलं असेल. शिकलेली आहेस, म्हणाली.

मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला. लोकांपुढे मी हे सगळं खरं म्हणून सांगत आले, माझी तिथे पत आहे, रविवारी मी कोणत्या तोंडाने जाऊ, असं काय काय मी बोलले. अक्काने ऐकून घेतलं. मग मी विचारलं की त्या शेवटच्या रात्री तरी नावेचंच का.

तिने सुपातले दाणे एका बाजूला केले. मग तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

“त्या दिवशी बाबासंगं पावने होते. बस लवकर आली ते त्याच्यानंच, पावन्याईसाठी बाबा आधीची बस धरून आले. मी बांधावरून पाह्यलं, चौघं-पाचजन उतरले. मंग समजलं. शाळा त्याईनं सोडवली, आता लगन त्याईनं ठरवलं, मले कोनी काई इचारलं नाई. मी बांधावर बसली. घरात जावंसंच वाटेना. म्हनलं, आज पयलं गानं कोनतं, ते तरी मी ठरवीन.”

दर आठवड्याला त्या बांधावर ती थोडी बसायची, हेही तिने सांगितलं. गुरुजींच्या घरातून निघाल्यापासून मागच्या दारापर्यंतचा तेवढाच वेळ तिचा एकटीचा असायचा. आठवडाभर पाणी, शेण, सरपण, भाकरी. त्या बांधावर बसून ती गाणी मागे-पुढे करायची. हे खाली, ते वर. आवडतं गाणं लगेच पहिलं करायची नाही, एकदोन आठवडे रखडवायची आणि मग चढवायची. हे सांगताना ती मोकळेपणाने हसली. मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं आहे, मला आठवेना.

जेवायला बसलो तेव्हा तिने विचारलं, तुमच्या त्या गच्चीवर आता काय सांगशील. मी म्हटलं, खरं ते सगळं सांगेन. माझ्या बहिणीने अशी एक यादी लावली होती म्हणून सांगेन. ते ऐकून थक्क होतील. माझ्या मनात तसं भाषणही तयार व्हायला लागलं होतं.

“नोको,” अक्का म्हणाली. “त्या बाप्यांत नोको. ते हासतीन. ते माह्यं हाये.”

पुढे मी हे लिहायला घेतलं तेव्हा तिला विचारून घेतलं. ती म्हणाली, लिही, नाव टाकू नको म्हणजे झालं.

रविवारी गच्चीवर चटया टाकल्या होत्या. पोस्टमास्तरांनी मोबाइलला स्पीकरचा डबा जोडला होता, आवाज मोठा येत होता. मी सुरुवातीपासून चुळबुळत होते. उठून कठड्याशी गेले, परत आले, पाणी प्यायले. आठव्या पायरीवर नावेचं गाणं लागलं तेव्हा सगळे माझ्याकडे वळले. मी खाली पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की या गाण्याला एका पोरीने बांधावर बसून आठव्या पायरीवरून उचलून पहिल्या पायरीवर ठेवलं होतं आणि ते तुमच्या कोणाच्या बापाला जमलं नसतं. जीभ दातांखाली धरून बसले.

कार्यक्रम संपला. जिनिंगवाले काका खूप दिवसांनी खुशीत होते, म्हणाले, मास्तरीणबाईंची शहादत आज फिरली, मिठाई सांगा. पोस्टमास्तर सज्जन माणूस, त्यांनी माझी बाजू सावरायचा प्रयत्न केला. त्या रात्री तुमच्या गावात नेमकं कोणी ऐकलं होतं, त्यांनी विचारलं, तुम्ही की तुमच्या अक्कांनी?

“मीच,” मी म्हटलं. “माझ्याच ऐकण्यात चूक झाली.”