ओव्हर म्हणणारे अप्पा

विश्वनाथअप्पा कुणाशीही बोलले, की शेवटी "ओव्हर" म्हणत. भाजीवालीलासुद्धा. "वांगी किडकी हाइत. ओव्हर." म्हणजे आता तू बोल. मग समोरचं माणूस बोलून थांबेपर्यंत ते ओठ उघडत नसत. तारखात्यातून निवृत्त होऊन ते चाकूरच्या अलीकडच्या आमच्या गावात एकटेच राहत आणि परवाना काढून हौशी रेडिओ चालवत. पत्र्यावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तार, खोलीत ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. रोज दुपारी हैदराबादच्या एका साहेबांशी त्यांचं बोलणं होई.

मी भोकरकडची. शाळा पाचवीतच सुटलेली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, दुष्काळानं टँकर वाढले होते, म्हणून नवऱ्याला इकडे ड्रायव्हरकी मिळाली. तो पहाटे गेला की दिवेलागणीला यायचा. धडधाकट माणसं सगळी तलावाच्या दुष्काळी कामावर. दुपारी गावात बोलायला अप्पांखेरीज कोणी नसे. मी त्यांना भाकरी करून द्यायची आणि उंबऱ्यात बसून तो खरखरता आवाज ऐकायची. एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, माझ्या आईला निरोप धाडा की, मी बरी हाय म्हणून."

"तुझी आय काय रेडिओ घेऊन बसलीय? अन् असले निरोप धाडायला परवानगी न्हाई. ओव्हर."

"मग मला हवेत नुसतं 'आई' म्हणू द्या."

ते हसले नाहीत. माईक खुंटीला अडकवत म्हणाले, "परवान्याबिगर एक अक्षर बोललं तरी गुन्हा, पोरी. तू ऐक. ऐकणाऱ्याला कोण धरून नेत न्हाई. ओव्हर."

एका दुपारी भाकरी घेऊन गेले, तर अप्पा छाती धरून जमिनीवर बसलेले. अंग घामानं निथळत होतं. मी बाहेर धावून हाका मारल्या. एक कुत्रं तेवढं उठलं. गावात ना फोन, ना गाडी. परत आले तेव्हा अप्पा चालू रेडिओकडे बोट करत होते.

"अप्पा, मला धरून नेतील हो!"

"बोल."

मी माईक घेतला, बटण दाबलं आणि ओरडले, "साहेब, अप्पा मरून राहिले! गाडी धाडा!" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. नाहीच. मी बटण आणखी घट्ट दाबलं. वाटलं, हे सुटलं तर अप्पाही सुटतील. तेव्हा ते सरपटत आले आणि माझा अंगठा उचलला. "सोड, पोरी. तूच धरून बसलीस तर त्यो बोलंल कसा?"

सोडताच आवाज आला, "अम्मा, सुन रहा हूँ. घबराव नक्को. गाँव का नाम बोलो. ओव्हर."

मी गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी तिथून लातूरला फोन लावला. जीप येईपर्यंत मी पदरानं वारा घालत राहिले.

अप्पा वाचले. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी स्वतःच वरच्या हापिसात कळवलं, की सेटवरून बिनपरवान्याची बाई बोलली, मीच बोलायला लावली. झालं! कुठलीही जीप दिसली की मी मागच्या दारानं पळायची.

"कशाला सांगितलंत, अप्पा?"

"झालं ते लपवून मला झोप लागली नसती. धरायला आले तर म्हणावं, आधी म्हाताऱ्याला धरा. त्यो जगावा म्हणून ह्यो गुन्हा घडला. ओव्हर."

कोणी आलं नाही.

पुढं पाऊस झाला, टँकर बंद झाले, नवऱ्याला नांदेडला काम लागलं. निघताना अप्पा एसटीच्या खिडकीशी आले. "आता उंबरा मोकळा झाला. नीट ऱ्हा. ओव्हर."

आता बोलायची पाळी माझी होती. शब्द फुटेना. अप्पा मान जराशी कलती करून ऐकत उभे राहिले. गाडी हलली तरी तसेच, वळण येईपर्यंत.

नंतर ते गेल्याचंच कळलं. अजूनही दुपारी भाकरी झाली, घरात कोणी नसलं, की माझा अंगठा तर्जनीवर दाबला जातो. "अप्पा, मी बरी हाय. ओव्हर," म्हणते. मग आठवणीनं अंगठा उचलते आणि जरा वेळ ऐकते.